आभाराची गाळलेली ओळ

मुंबई, ५ ऑगस्ट १९६७

प्रिय वत्सलाबाय,

मंजुळाच्या हातचं तुझं पत्र पोचलं. तुझी लेक आता माझ्यापेक्षा नीट अक्षर काढते, पण हे तिला सांगू नकोस, शेफारेल. सुक्या बोंबलांची पुरचुंडीही मिळाली. हॉस्टेलातल्या शेजाऱ्यांनी वासाने तोंडं वाकडी केली आणि भाजल्यावर तीच माणसं ताटं घेऊन आली.

तू लिहिलंस, की नायलॉनच्या जाळ्यांवरचा माझा छापील लेख देवूकाकांनी आपल्या नवापूरच्या मच्छीमार सोसायटीत भिंतीला लावलाय आणि त्याला हळदकुंकू वाहिलंय. आधी हसलो. लेख इंग्रजीत, गावात तो वाचणारं कोणी नाही, तरी माझं नाव बघून पूजा! पुढे वाचलं आणि हसू गेलं. देवूकाका म्हणतात, "आपल्या पोरानं छापलंय, आता इचारायचं काय?" तेरा तारखेच्या सभेत सगळ्या होड्यांची ताग-सणाच्या सुताची जुनी जाळी मोडीत काढून नायलॉनची घ्यायचं ठरणार.

तुला खरं सांगतो. लेखातला एकही आकडा खोटा नाही. पण दातिवऱ्याला वीस महिने मी जी जाळी पाण्यात सोडली, त्यांचं सूत जाळी विकणाऱ्या कंपनीनेच निवडून दिलं होतं. होडी त्यांची, माझा पगारही त्यांचाच. लेखाच्या शेवटी तशी आभाराची ओळ मी लिहिली होती. कंपनीचे साहेब म्हणाले, आमचं नाव कशाला, लोकांना उगाच शंका येते. आमचे प्रोफेसर म्हणाले, शेवटची ओळ वाचतो कोण? मी मान डोलावली आणि ओळ गाळली. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. नायलॉन कदाचित चांगलंच असेल. पण महिनोन्‌महिने उन्हात वाळत घातल्यावर त्याचं काय होतं, हे मी तपासलंच नाही. कंपनीने ते विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

परवापासून बोईसरचा बाजार आठवतोय. तुझ्या टोपलीत एकदा दुसऱ्याच्या होडीचा माल होता. गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं, तरी तू आपणहून सांगून टाकलंस. मी कॉलेजात जाणारा शहाणा, घरी येईपर्यंत तुझ्यावर चिडचिड केली. तू म्हणालीस, "सांगलं तं ते आपल्या डोल्यांनी पारखतंय. नाय सांगलं तं माज्या तोंडाकडं बगून घेतंय." तीच टोपली डोक्यावर वाहून तू मला शिकवलंस, आणि मी काय शिकलो? लाज वाटते, बाय.

काल मी लेख छापणाऱ्या मासिकाला पत्र टाकलं. सूत कुणाचं, होडी कुणाची, पगार कुणाचा, सगळं छापा म्हणून कळवलं. प्रोफेसरांनी मला दुसरीकडे काम शोधायला सांगितलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती उघडली. पण मासिकात ते छापून यायला दिवाळी उजाडेल, आणि सभा तर तेरा तारखेलाच आहे. म्हणून हे पत्र. हात वर व्हायच्या आधी मंजुळाला ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लाव. आपलं घरचं काय लिहिलंय तेही वाचू दे, काही वगळू नका. मी त्या दिवशी सकाळच्या गाडीने येतोय, सोसायटीच्या दाराशी उभा असेन. शिव्या द्यायच्या त्या मला द्याव्यात, विचारायचं ते मला विचारावं. तू मात्र माझी बाजू घ्यायला उठू नकोस. तू बोललीस तर गाव मला माफ करेल, आणि जाळ्यांचं विचारायचं राहून जाईल.

तुझाच धाकटा भाऊ,
कमलाकांत