बिनखिडकीचं यान

७ ऑक्टोबर १९५७, लोणखेडा
पेपर आज आला. रशियाने धातूचा गोळा वर सोडला आहे, पृथ्वीभोवती फिरतो आहे. प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी मलाच पुढे उभं केलं. "आपले विज्ञानाचे सर गोष्टीही लिहितात चंद्राबिंद्रावर." दहा मिनिटं बोललो. पोरांचा एकच प्रश्न, पडत का नाही.
बारा वर्षं हेच लिहितो आहे, लोक हसत आले. आज कोणी हसलं नाही. बरं वाटायला हवं होतं. उलट ताट कोणीतरी समोरून उचलून नेल्यासारखं.

१२ ऑक्टोबर
दिवेलागणीला अंगणात उभा होतो, पेपरात लिहिलं होतं दिसेल म्हणून. माझे वडील, आबा, काठी टेकत बाहेर आले. डोळे जाऊन चार वर्षं झाली, माझ्याकडे येऊन तीन. म्हणाले, "दिसना का?" काही दिसलं नव्हतं. म्हटलं, "हो, तो बघा, उत्तरेकडून निघाला." त्यांनी मान वर केली आणि मी बोट फिरवत होतो तसतशी माझ्या आवाजाच्या दिशेने फिरवत गेले. पार लिंबाच्या झाडापर्यंत. "जोरमा जास का?" म्हटलं, खूप जोरात.
बायको, सुमन, दारात उभी राहून बघत होती. आत गेल्यावर म्हणाली, "आंधया मानूसले फसाडानं काय पडनं व्हतं?" खरं तर मजा वाटली होती.

५ नोव्हेंबर
रशियाने आता कुत्री पाठवली. जिवंत. परत आणायची सोय नाही, हे त्यांना आधीपासून माहीत होतं.
आबांना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवावा लागतो. आज कापसाचे भाव नको म्हणाले, कुत्रीचं वाच. वाचलं.
"परत कव्हय येई?"
"नाही येणार."
बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "जेनी तिले शेवटनं खावाले दिन्हं, त्याना हात नही कापना का?"
वहीत टिपून ठेवलं. त्यांच्या देखत. म्हणजे देखत नाहीच.

६ नोव्हेंबर
एकच वाक्य डोक्यात. हात थरथरला असेल का. मला वाटतं नसेल. मोजमाप चालू असलं की हात कापत नाही. मी बेडूक फाडतो तेव्हा माझा कधी थरथरला?

१७ नोव्हेंबर, रविवार
गोष्ट सुचली. सकाळपासून सतरा पानं.
सन दोन हजारच्या सुमाराची. सातपुड्याच्या माथ्यावर यानतळ. कुत्री झाली, आता माणूस पाठवायचा. परत आणता येत नाही. तेव्हा ज्याची वाट कोणी बघणार नाही असा हवा. समिती एका आंधळ्या म्हाताऱ्यावर बोट ठेवते. शिवाय फायदा: काच जड असते. आंधळ्याला खिडकी लागत नाही. तेवढं वजन वाचतं.
म्हाताऱ्याचा मुलगाच समितीत आहे. गणित तोच मांडतो.
लिहिताना हात एकदाही थांबला नाही. शेजारच्या खोलीत आबा खोकत होते. खोकला पण घातला.

१९ नोव्हेंबर
सूनही घातली. सासऱ्याला वाढताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही, भांड्याकडे बघते. किती उरलं ते. कुत्रीवरचं आबांचं वाक्य सुनेच्या तोंडी दिलं. तिथे शोभतं.

२४ नोव्हेंबर
पक्की प्रत पुण्याला मासिकाकडे रवाना.
एवढा राग कुठून आला, याचा आज विचार केला. मी दहा वर्षांचा असताना आबांनी दोन वर्षं शाळा बंद केली होती. केळीत माकडं येतात, राखण कोण करणार. मचाणावर बसून मी तारे शिकलो, तेही खरंच. आईने गुपचूप पाटी आणून दिली, ती त्यांनी गुडघ्यावर फोडली. आवाज अजून आठवतो. पुढे मास्तर झालो तेव्हा गावभर पेढे त्यांनीच वाटले. पाटीचा विषय कधी काढला नाही, त्यांनीही नाही.
पण हे सगळं मागाहून सुचलेलं कारण आहे. लिहिताना पाटी आठवली नव्हती. लिहिताना फक्त छान चाललं होतं.

९ फेब्रुवारी १९५८
छापून आली. नाव मोठ्या टाइपात. संपादकांचं पत्र सोबत: "अशी कठोर गोष्ट मराठीत झाली नाही." तीनदा वाचलं पत्र.
अंक पेटीत ठेवला, कपड्यांखाली.

२७ फेब्रुवारी
वाचकांची अकरा पत्रं, संपादकांनी एकत्र पाठवली. सात जणांनी तेच वाक्य उतरवलं आहे, शेवटचं खायला देणाऱ्याचा हात. मिरजेच्या एका बाई लिहितात, एवढी करुणा ज्याच्या ठायी आहे त्याच्या घरच्यांचं भाग्य.
सुमनला दाखवलं नाही.

१५ मार्च
शाळेतून आलो तर घर गप्प. आबा ओट्यावर, तंबाखूची चंची मांडीवर तशीच. सुमन चुलीपुढे. अंक तिच्याशेजारी पाटावर पडलेला.
"कोणी काढला?"
"मी काढा. आबासले वाची दखाडा."
"सगळा?"
"सगया. सून बी वाची. भांडाकडे दखस ती." मग पोळी उलटत म्हणाली, "तुम्ही लिखं, मी वाचं. मी काय खोटं वाचं का?"
मारावंसं वाटलं. नाही मारलं. तिला ते कळलं, आणि तिने तव्यावरून मान वर केली नाही.

त्याच दिवशी
आबांशी बोलायला बाहेर गेलो. काय बोलणार होतो देव जाणे. त्यांनीच सुरुवात केली.
"गोष्ट चांगली शे. पन एक चुकनं."
"काय?"
"आंधयाले खिडकी लागस रे. उन्ह कोनता गालवर पडस, त्यावरथीन सकाय का संध्याकाय ते समजस. तू मास्तर शे, तुले एवढं बी समजनं नही."
बाकी काही नाही. पेपर वाचायला सांगितलं. वाचला.

१६ मार्च
आबा खरं बोलले. गोष्टीचा पाया तोच होता आणि तोच चुकीचा. अकरा पत्रांत एकालाही दिसलं नाही. बाकी कशापेक्षाही हे जास्त लागलं, लिहून ठेवतो. शरम वाटायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि वाटते आहे ती चुकीची.

१९ मार्च
जेवताना आबा म्हणाले, "मन्ही खोलीनी खिडकी बुजाई टाक."
म्हटलं, कशाला?
"वजन वाची."
सुमनने हात आवरला. म्हटलं, आबा, उगाच काहीतरी बोलू नका. तर शांतपणे, "गवंडीले तू बलावस का मी बलावू?"
म्हटलं, "बोलवा."

२३ मार्च, रविवार
त्यांनी खरंच बोलावला. गावातलाच गवंडी. पूर्वेची खिडकी, दीड हात रुंद. गज काढले, विटा लावायला घेतल्या. मध्येच मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, बुढा आत ऱ्हास ना?" म्हटलं, त्यांचीच हौस आहे.
एका शब्दाने थांबवता आलं असतं. आबा खाटेवर बसून विटेवर वीट बसल्याचा आवाज ऐकत होते. वाट बघत होते मी बोलायची. मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होतो. दुपारपर्यंत भिंत झाली.

३० मार्च
गावभर कळलं आहे. दूधवाला विचारतो, "चंद्रवर कव्हय जाई ऱ्हायनात बुढाबा?" शाळेत शिक्षक हसतात, तोंडावर नाही. हेडमास्तर म्हणाले, घरातलं घरात ठेवा. काय ठेवू? भिंत आहे, बाहेरून दिसते.

१७ एप्रिल
पेपरात: कुत्रीचं यान जळत खाली आलं. पाच महिने फिरत होतं. त्यातली कुत्री कधीच मेली असणार. म्हणजे मेलेली फिरत होती, आणि आम्ही वर बघून शाळेत भाषणं करत होतो.
आबांना वाचून दाखवताना ही बातमी गाळली. ऊस, पाणी, लग्नं एवढंच वाचलं. शेवटी म्हणाले, "कुत्रीनं काय उनं?" म्हटलं, काही नाही. "खोटं बोलस तव्हय तू हळू वाचस," म्हणाले.

२६ एप्रिल
उन्हाळा पेटला. माझ्याच खोलीत बसवत नाही, त्यांच्या खोलीत तर भट्टी. दिवसा ओट्यावर या म्हणून सुमन दोनदा सांगून आली. येत नाहीत. जेवण आत. वेळ कळत नाही त्यांना आता. काल भर दुपारी विचारत होते, दिवे लागले का.
सुमन माझ्याशी बोलत नाही. त्यांना वाढताना मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघते. मी असलो की जास्तच.

२ मे
संपादकांचं पत्र. दुसरा भाग हवा. वाचक विचारतात, म्हातारा वर गेल्यावर काय बोलतो? दिवाळी अंकासाठी, लवकर.
काय बोलतो?

४ मे
आबांच्या दाराबाहेर वही घेऊन बसलो. ते एकटे असले की बोलतात हे माहीत होतं. आईचं नाव घेतलं. एका बैलाचं घेतलं, तो मी लहान असतानाच मेला. नंतर मोजत होते काहीतरी, चौदापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. लिहून घेतलं.

६ मे
पुन्हा बसलो. मग आतून, "बठना का?"
मी हललो नाही.
"बठ. तुन्ही वहीना वास येस माले. काय पाहिजे ते इचार."
विचारायला हवं होतं, आबा, बाहेर येता का. मी विचारलं, "वर कसं वाटतं?"
आतून हसल्यासारखा आवाज. म्हणाले, "खाले कोनी बोलत नही."
लिहून घेतलं. उत्तम वाक्य आहे. उठून माझ्या खोलीत आलो आणि दुसऱ्या भागाला सुरुवात केली.

११ मे
आबांना ताप. डॉक्टर शहाद्याहून सायकलवर आले. खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले, घाम पुसत. म्हणाले, भिंत फोडा. मी म्हटलं, त्यांनी स्वतः बांधून घेतली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही विज्ञान शिकवता ना?"
आबांना विचारलं, भिंत फोडू का. "मी कसाले सांगू? लिखनारा तू शे."

१४ मे
ताप उतरला. ओट्यावर आणून बसवलं, सुमनने आणि शेजाऱ्याने धरून. कातडीला ऊन लागलं तसं त्यांनी मान वळवली.
दुसऱ्या भागाची वीस पानं झाली. चांगली आहेत. हे मी कोणाला सांगू शकत नाही.

१७ मे
कळसाडीहून आक्का आली, बैलगाडी घेऊन. माझी थोरली बहीण. कोणी कळवलं विचारलं तर सुमन म्हणाली, मी. आक्का आधी खोलीत गेली, भिंतीवरून हात फिरवला, बाहेर येऊन पाणी प्यायली. मग म्हणाली, "भिका, मी आबाले लई जास."
म्हटलं, ने.
आबा ओट्यावरून म्हणाले, "तिना सांगानं नही चालाव. जेनी यानमा बठाडं, त्यानीच सांगानं."
"ने म्हटलं ना मी."
"ते तू तिले म्हना. माले म्हन. जा म्हन, नही ते ऱ्हाय म्हन. आन आपली भाषामा म्हन, तुन्ही शायनी भाषामा नही."
आक्का, सुमन, आबा. तिघं थांबले. मास्तर झाल्यापासून मी त्यांच्याशी घरची भाषा बोललो नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. ते मात्र मोजत असणार.
आत येऊन बसलो.

१८ मे, रविवार
आक्का रात्री राहिली. सकाळी गाडी जुंपून दारात आणली. आबांनी स्वतःच धोतर-सदरा फडक्यात बांधून घेतलं, सुमनला हात लावू दिला नाही.
दहा वाजले. आक्का दारात येऊन म्हणाली, "एक शबद शे, भिका. मोठा नही." तिचा आवाज चढलेला नव्हता. मी मान हलवली. ती गेली.
जा म्हटलं तर पाठवणारा मी. राहा म्हटलं तर भिंत माझी. दोन्ही शब्द तोंडात फिरवून बघितले, घरच्या भाषेत. नीट येतात अजून.
बारा वाजले. आक्काने बैल सोडले, वैरण टाकली. सुमनने सगळ्यांना वाढलं, माझं ताट झाकून दाराशी ठेवलं आहे.
आबा जेवले नाहीत. ओट्यावर गाठोडं मांडीवर घेऊन बसले आहेत. ऊन सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं आहे. तोंड माझ्या दाराकडे.
हे लिहितो आहे ते टाकाने. कागद जाड आहे, टाक करकरतो. तेवढ्या अंतरावरून त्यांना ऐकू जात असणार. थांबलो की ते मान उचलतात.