उसनी छाती

४ नोव्हेंबर १९९५
आलो एकदाचे सुरतेला. अनुसयाताई आणि सुकलाल दाजी उधना स्टेशनावर घ्यायला आले होते. दाजी खोकत खोकत हसत होते. खोली बघून ठेवलेली, माझं कामही पक्कं. आमची हर्षदा चार वर्षांची, कापडाच्या लूमच्या खडखडाटावर नाचायलाच लागली. बायको सुषमा म्हणाली, असा मेहुणा मिळायला नशीब लागतं. खरंच लागतं.

९ नोव्हेंबर
काम ऐकून हसूच आलं. लूमवर घेताना शेठ छातीचा फोटो मागतो. टीबीचा डाग दिसला की माणूस गेटाबाहेर. अशा माणसाच्या नावाने मी मशीनपुढे उभं राहायचं. गार पत्र्याला छाती टेकवायची, श्वास रोखायचा, झालं. पहिला फोटो दाजींनी स्वतःच्या नावाने काढवला, सराव म्हणून. दुसरा धुडकूचा. तो रक्त थुंकतो बिचारा. फोटो काढणारे मगनभाई म्हणाले, एवढी साफ छाती कुठे बघितली नाही. लबाडी आहे, पण गरिबाची चूल पेटते.

२ डिसेंबर
धुडकू भेटला. गाल वर आलेत, खोकला गेला. गोळी एक घेतली नाही म्हणतो. मला मात्र संध्याकाळी कणकण वाटते.

२० डिसेंबर
माझ्या फोटोत डाग. मगनभाईंनी धुडकूच्या स्वतःच्या छातीचा जुना फोटो शेजारी धरला. तोच डाग, त्याच जागी. शेवटी बोलले. माझ्याआधी या कामावर हिलाल होता, तो असाच गेला. दाजींना सगळं ठाऊक होतं.

२ जानेवारी १९९६
रक्त पडलं. ताईकडे गेलो. रडली. म्हणाली, काय करू भाऊ, यांनाच डाग होता, कुंकवासाठी गप्प बसले. हिनेच मला कडेवर वाढवलं. माझी सख्खी बहीण.

५ जानेवारी
दाजी आले. आता खोकत नाहीत. माझी छाती कामाची उरली नाही म्हणाले. शेठच्या पोराला डाग निघालाय— हर्षदाकडे बघत होते— मी हाकलून दिलं.

८ जानेवारी
उठवत नाही. डोळा लागला होता. सुषमाला सगळं सांगितलं होतं, तापात बरळतो म्हणाली— तिनेच पोर ताईबरोबर धाडली. फुगा घ्यायला—

आली. हातात फुगा. गार पत्र्यापुढे स्टुलावर उभं केलं म्हणते. आत्याने दंड धरले— माझ्या ताईने—

श्वास कसा रोखला ते दाखवतेय. गाल फुगवून, हसत. आता सोडला, आणि