भिंतीपलीकडची हजेरी

३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रिंकीस,
शकुंतलाचे तुला आणि हिमांशूला भरभरून आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. मेसेज वाचतेस हे मात्र दिसतं मला. त्या दोन निळ्या खुणांवर साडेचार महिने काढले.

घरी सगळे मजेत. रोवणी वेळेवर उरकली, धान चांगला आहे. धनेंद्र दर रविवारी दवनीवाड्याला तुझ्या माहेरी जाऊन येतो, पण आल्यावर तुझ्याबद्दल विचारलं की नुसता 'बरी आहे' म्हणतो आणि ताटावर बसतो. दोघे नवराबायको घुम्या तोंडाचे! तान्ह्या पोळ्याला हिमांशूचा लाकडी नंदी मी पुसून सजवला, पण ओढायला कोणी नव्हतं. फार सुनं वाटलं.

आता चांगली बातमी. काल आपल्या चंचलचं वजन केलं. दहा किलो दोनशे! एप्रिलमध्ये तू तिला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत आलीस तेव्हा सात किलो होती, आठवतं ना? काल काट्यावर बसायलाच तयार नव्हती, माझ्या मनगटाला कडकडून चावली. रिंकी, कुणी चावल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. तिची आई दुर्पता तिला रागवायला धावली तर मीच म्हटलं, राहू दे बाई, दात आहेत म्हणजे जोर आहे.

आणखी एक सांगायचं आहे. आता दर मंगळवारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसतो. अंगणवाडीची मी, नर्सबाई, भूपेंद्र गुरुजी आणि रेशन दुकानाचा छोटेलाल. ग्रामसेवक सवड झाली तर. गावातल्या सहा वर्षांखालच्या एकेका पोराचं नाव मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, या आठवड्यात याला डोळ्यांनी कोणी पाहिलं? 'असेल', 'गेला म्हणतात', असलं चालत नाही. कोणीच पाहिलं नसेल तर त्याच दिवशी त्या घरी जायचं.

पहिल्या मंगळवारी छोटेलाल कुरकुरला, "मॅडम, बच्चों के काम में मेरा क्या काम?" आणि दहा मिनिटांत तोच म्हणाला, "मंगरू की सास, चंचल की नानी, तो फरवरी से पूछ रही थी, छोटे बच्चे के लिए कुछ मिलता है क्या." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. चंचलची थोरली बहीण मोनाली रोज अर्धी खिचडी डब्यात भरून घरी नेते, हे त्यांनी मार्चमध्येच पाहिलं होतं. ते बोलले एप्रिलमध्ये, एकट्या तुझ्यापाशी, तेही असंच बोलण्याच्या ओघात. आणि तू मात्र त्याच दुपारी नाला ओलांडून त्या म्हातारीच्या झोपडीत गेलीस.

बघ, प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता. मोनाली शाळेच्या हजेरीत रोज हजर, आणि तिची धाकटी बहीण माझ्या रजिस्टरात गावाबाहेर गेलेली. शाळेची खोली आणि माझी अंगणवाडी, मध्ये एकच भिंत.

बघ, लिहिता लिहिता 'माझ्या रजिस्टरात' लिहून गेले. चार पानं फाडली, दर वेळी हे वाक्य टाळून पुढे जात होते. आता नाही टाळत.

चंचलचं नाव मीच कमी केलं होतं. फेब्रुवारीत मंगरू आणि दुर्पता मिरची तोडायला तेलंगणात गेले. दरवर्षी लोक जातात, पोरंबाळं घेऊन जातात. मी त्यांच्या दाराचं कुलूप पाहिलं, तेही रस्त्यावरूनच. पायरी चढून शेजारी विचारलंसुद्धा नाही. मोबाईलमध्ये 'स्थलांतर' दाबलं आणि पुढच्या घराला लागले. मागच्या वर्षी मिरचीच्या शेतात धाकटीला फवारणीचा त्रास झाला होता, म्हणून या वर्षी दोन्ही पोरी आजीजवळ ठेवल्या, हे मला कसं कळणार? विचारलं असतं तर कळलं असतं. माझ्या यादीतून नाव गेलं, म्हणून तिचा घरी न्यायचा आहार बंद झाला. आशा कार्यकर्ती म्हणून तू तुझी यादी माझ्या यादीवरून करायचीस, नर्सबाई तुझ्यावरून. तू मला विचारलंही होतंस, "दीदी, चंचल दिसत नाही?" मी म्हटलं, "गेली मिरचीले."

चंचलला भरती केलं तेव्हा दवाखान्यात म्हातारीला मी दटावलं, कळवलं काऊन नाही म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पोरगी तं माझ्यापाशीच होती वो बाई. मी मोहफुलं येचाले जाओ, मोठी शाळेत जाये, ही झोपडीत राहे. कोनी इचारलंच नाही मले."

आणि मग ती एप्रिलची देवरीच्या कार्यालयातली बैठक. साहेबांनी विचारलं, हे पोर दोन महिने कोणाच्याच यादीत कसं नाही? मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. आणि तू उठून म्हणालीस, "माझ्याकडून राहिलं साहेब." जिने पोर शोधून काढलं तिलाच नोटीस मिळाली, आणि मी तुझ्यासोबत बसने घरी आले. वाटेत तू मला खिडकीजवळची जागा दिलीस.

मला वाटायचं तू रागाने माहेरी गेलीस. मग कळलं, राग असता तर बोलली असतीस. घरात तू कधी माझा शब्द खाली पडू दिला नाहीस, चहात साखर जास्त झाली तरी 'बरा झाला दीदी' म्हणत प्यायलीस. थोरल्या जावेला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हीच आपल्या घरची रीत. त्या रीतीपायी तू तुझं काम सोडलंस.

परवा मी कार्यालयात जाऊन सगळं लिहून दिलं. सही केल्यावर असं हलकं वाटलं की बाहेर येऊन देवरीच्या बसस्टँडवर एकटीने दोन समोसे खाल्ले! काल साहेबांचा फोन आला. तुझी नोटीस रद्द झाली, कागद पोस्टाने येईल. गावची आशा म्हणून तुझी जागा तशीच आहे. आता खुलासा माझा मागितला आहे, तो मी देईन. काय व्हायचं ते होवो, मला शांत झोप लागते. काल मंगळवारच्या बैठकीतही सांगितलं. दुर्पता ऐकत होती. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "रिंकीबाईले चिठ्ठी लिहा ना मंग. मले कायले सांगता?"

म्हणून लिहिते आहे. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते, माफ कर. तू ये. सतरंजीवर माझ्याशेजारी बस. आणि मी कुठल्याही नावाला 'गेली' म्हटलं की सगळ्यांच्या देखत मला थांबव. विचार, दीदी, तुम्ही पाहिलं का? थोरली म्हणून मला सोडू नकोस. 'गेली मिरचीले' म्हटल्यावर तू मला एकदा सोडलंस, त्यात एक पोर जाता जाता राहिलं.

जिला तू वाचवायला नको होतंस ती
तुझी जाऊ,
शकुंतला