तुझ्या डोक्यावरची शपथ

माय, तुझ्या लेकाची बिडी तू सोडवलीस, आणि मी, तुझी सून, अजून जळून राहिली. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. ती माझं बोलणं शाळेच्या मराठीत घालते, पण जळणं तसंच ठेव, असं तिला बजावलं आहे.

खोकला आला की तुझा लेक धानाच्या बांधीतच खाली बसायचा. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा, आणि सांज व्हायच्या आत गोठ्यामागून धूर. शपथ मोडली तर मरणार मी, तरी त्याला भ्याव नाही! किती वेळा मारलं त्यानं मला, आणि मी आपली भात रांधून राहिली.

तू ओसरीत मांडीवर सूप घेऊन ठेकेदाराच्या बिड्या वळायचीस. एका दुपारी तो खोकता खोकता वाकला, तसं तू सूप खाली ठेवलंस आणि त्याचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर दाबलास. "रोज रोज बायकोले कायले मारून राहिला? मले मार. मी तसीही बुढी झालो." तो लेकरासारखा रडला. त्यानंतर त्यानं बिडीला हात लावला नाही. तूही सूप उचलून शेजारणीच्या ओट्यावर गेलीस, उन्हात बसून वळायला लागलीस, घरात वास नको म्हणून. तलफ आली की त्याच्या मुठीत भाजलेले चणे द्यायचीस. मीही भाजून दिले, तर म्हणे, "मायच्या हातचे खमंग लागतात." चणे एकाच पोत्यातले!

तू गेलीस. तेरवीला ओसरीत माणसं बिड्या ओढत बसली होती. एकानं त्याच्यापुढे केली. मी दाराआड उभी. जिची शपथ तीच गेली, आता मोडली तरी मरणार कोण? त्यानं नुसते हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेवढाच संतापही आला. मेलेल्या मायचा एवढा मान, जित्या बायकोचा काहीच नाही?

परवा विचारलंच. "काऊन जी, माझीच शपथ काऊन मोडत होता?"

"तू मरशील असं कधी वाटलंच नाही मले."

"अन् आता?"

तो वालाच्या शेंगा सोलत होता. "आता वाटते," म्हणाला आणि उठून गेला.

माय, या वयात तो पायी बांधीवर जातो, ते तुझ्यामुळे. तुझे उपकार आहेत, हे नातीकडून लिहून घेतलं. "आजी, आजोबाले वाचून दाखवू?" म्हणते. खबरदार म्हटलं. ऐकलं तर पुन्हा तुझंच पुराण सुरू करेल.

आणि एक, हे तुझ्यामाझ्यात. काल मला काही झालं नव्हतं, तरी मी जोरात खोकून पाहिलं. तो अंगणातून धावत आला, माय. चप्पल न घालता.