‘समजून राह्यलं’चं इंग्रजी

चामोर्शी, शनिवार, ऑगस्ट २००८

इंग्रजी शिक्षकांच्या ऑर्कुट ग्रुपवर मी लिहिलं होतं: ‘खाऊन राह्यलो’ म्हणजे आय ॲम ईटिंग, पोरांना त्यांच्याच बोलीतून शिकवा. वानखेडे सरांनी तिथंच मला गावंढळ म्हटलं. गावंढळ! आज प्रशिक्षणात तीच युक्ती त्यांनी स्वतःची म्हणून शिकवली.

मी उठले. “सर, ‘मले समजून राह्यलं’ कसं सांगाल?”

त्यांनी फळ्यावर लिहिलं, आय ॲम अंडरस्टँडिंग.

मागून कोणी म्हणालं, “आमाले तर नाई समजून राह्यलं, सर!” प्रशिक्षण बघायला आलेले शिक्षणाधिकारी साहेबसुद्धा हसले.

काही क्रियापदांना ही युक्ती चालत नाही, तिथं नुसतं आय अंडरस्टँड म्हणायचं, हे मी ग्रुपवर लिहिणारच होते. गावंढळ वाचलं आणि थांबले. बरं केलं ना?

संध्याकाळी ऑर्कुटवर माझ्या पानावर वानखेडे सरांचा स्क्रॅप, म्हणजे निरोप, आला: “बाई, त्या युक्तीचं बाकीचं मले पाठवा ना.”

मी लिहिलं, “इथी नाई, सर. ग्रुपवर मागा. सगळ्याइले दिसू द्या.”