शिडीवरचा पाय

९ जून

मोडला नाही! चाचणीची ठरलेली सगळी पावलं पार पडली आणि नवा कृत्रिम पाय जसाच्या तसा. साहेबांनी बिस्किटं वाटली. "आता बंद करा हो ते यंत्र, कान किटले!" मी म्हटलं, मोडेपर्यंत चालू दे. "अहो, पास झाला ना?" पास झाला म्हणजे काय, आजवर मोडला नाही, एवढंच! कधी मोडणार ते कुठे कळलंय?

नाही केलं बंद.

या यंत्राला आम्ही म्हातारा म्हणतो. दिवसभर चालतो, पोचत कुठेच नाही. टाचेवर दाब, चवड्यावर दाब, पुन्हा टाच, पुन्हा चवडा. माझं काम त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

माझा हट्ट उगाच नाही. अस्साच पाय गेले काही महिने दादा वापरतोय. वापरून बघायला दिलेल्या मोजक्या लोकांत माझा सख्खा भाऊ! म्हाताऱ्याने दादाच्या पुढे राहायलाच हवं. आधी इथला मोडला तर दादाचा वेळेवर उतरवता येईल.

१५ जून

अजून चालतोय. साहेब येता-जाता कपाळाला हात लावतात. लावू देत.

२१ जून

दादाकडे जेवायला गेले. वहिनी म्हणाली, "काळजी करू नका हो, रविवारी पाय काढून ठेवतात. तेवढाच त्यालाही आराम." मला हसावं की रडावं कळेना. आराम माणसाला लागतो. पायातल्या लोखंडी पट्टीला एकदा बारीक तडा गेला की तो काही भरून येत नाही. रविवारी थांबतो आणि सोमवारी थांबला तिथून पुढे निघतो!

पण खरी गोष्ट वेगळीच. दादाचा पाय कोपऱ्यात उभा होता, सहज उलटा करून पाहिला. टाच जेमतेम घासलेली. चवडाही. आणि मधोमध, जिथे चालताना जमीन लागतसुद्धा नाही, तिथे रबराला आडवी खाच!

"हे काय?"

"शिडी," दादा म्हणाला. "पायरीवर पाऊल असंच पडतं, शहाणे."

दादा घरं रंगवतो. दिवसभर शिडीवर चढ-उतर. आमचा म्हातारा मात्र जन्मभर सपाट जमिनीवर चाललाय. मधल्या भागावर त्याने एकदाही दाब दिलेला नाही. एवढे सगळे आम्ही बसून टाच-चवडा करत होतो आणि एकालाही सुचलं नाही! मलाही नाही.

२२ जून

साहेबांना सांगितलं. आधी म्हणाले, "हा पाय शिडीसाठी नाहीच. तसं छापून टाकू." मग जिने? सायकलचं पॅडल? तिथेही पाऊल मधोमधच टेकतं! मग त्यांनी माझ्यासमोर पाय एका दांड्यावर आडवा ठेवला आणि वर वजनांवर वजनं चढवली. दादासारख्या दोघांचं वजन भरेल एवढी. पाय ढिम्म. "बघा! वाकलासुद्धा नाही."

मी म्हटलं, एकदा हत्ती उभा करा हो, त्याने काय होतंय? रोज मांजर उभं करा, मग बोला! तार एका वाकवण्याने तुटते का? इकडे-तिकडे वाकवत राहिलं की पटकन हातात येते. आणि ती तुटायच्या आदल्या क्षणापर्यंत धडधाकटच दिसते.

"तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्ही—"

हो, आहे भाऊ! म्हणून काय झालं?

२४ जून

साहेब बाहेरगावी. शिडीच्या पायरीएवढा जाड दांडा आणला, म्हाताऱ्याखाली आडवा बसवला, नवाकोरा पाय लावला, यंत्र सुरू. परवानगी कोणाची? माझी!

२६ जून

साहेब परतले. आरडाओरडा. मी यंत्राच्या बटणापाशी उभी राहिले. बंद करायचं तर मला बाजूला करून करा, म्हटलं. साहेबांनी वाकून दांडा पाहिला, मग केबिनमध्ये गेले. बंद केलं नाही.

पण हिशेब उलटा झालाय. दांड्यावर म्हातारा आता कुठे चालायला लागला, दादा कधीपासून चढतोय. म्हातारा मागे आहे! कितीही पळवला तरी इतक्यात गाठणार नाही. मला भीती वाटते, सरळ सरळ भीती.

२७ जून

दादाच्या कामावर गेले. खालून ओरडले, "उतर आधी!" उतरला, पण तोंड वाकडं करून. म्हटलं, पाय दे, थोडे दिवस जुना लाकडी घाल.

"लाकडी घालून मुकादमाचे ब्रश धुवायला बसू? दोन वर्षं बसलो. सगळे वर, मी एकटा खाली, रंगाच्या डब्यांची राखण करत. पुन्हा नाही बसणार. पडलो तर पडलो."

"मग पड!" मी म्हटलं. सगळ्यांदेखत म्हटलं. घरापर्यंत रडत आले, रागाने. त्याच्या जागी मी असते तर मीही दिला नसता, हेच तर दुखतंय.

२८ जून

वहिनीचा फोन: "दोघंही एकाच माळेचे मणी." बरोबर आहे.

२९ जून

म्हातारा चालतोय. दांड्यावरचा पाय अजून धड. साहेबांनी जाता जाता विचारलं, "काही?" काही नाही.

३० जून

सकाळी दादा आमच्या प्रयोगशाळेच्या दारात. कुबड्यांवर. पाय काखोटीला मारलेला. "लाव माझाच. संध्याकाळपर्यंत टिकला तर पुन्हा तोंड उघडायचं नाहीस." साहेबही येऊन उभे राहिले. मी पाय दांड्यावर बसवला, यंत्र सुरू केलं.

सकाळचा चहा यायच्या आत मोडला.

आज दादाला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या रंगवायच्या होत्या.