भुरीच्या पेटीतले रातकिडे

प्रिय दिगू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांतला मी नव्हे. वर्कशॉपची कोटेशनं सोडली तर मी जिवंतांनाही लिहीत नाही! पण भुरीची बातमी तुझ्याशिवाय कोण ऐकणार? तू पाळलेल्या त्या तळहाताएवढ्या केसाळ कोळिणीचं नाव काढलं की पेठेतली माणसं हातातला चहा खाली ठेवतात.

तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. तुझे चुलते नाना एकेक इच्छा बोलून बघत होते आणि कावळा कठड्यावर मान वाकडी करून बसला होता. मी म्हटलं, "नाना, त्याचा जीव पेटीत अडकलाय."

"कसल्या पेटीत?" नाना खेकसले.

सुमनवहिनींना मात्र कळलं. हात जोडून म्हणाल्या, "अवो, तुमच्या भुरीला मी उपाशी ठेवणार न्हाई." आणि कावळा उतरला की रे! मी फुटपाथवर पंखे दुरुस्त करत वर आलेला माणूस, मी योगायोगच म्हणतो.

वहिनींनी शब्द पाळला, तोही सढळ हातानं. तू असताना ज्या बाईनं त्या काचेच्या पेटीकडे पाठ करूनच स्वयंपाक केला, तिनं तू डालड्याच्या डब्यात वाढवलेले रातकिडे मूठभर उचलून आत सोडले. पाव्हण्याला वाढावं तसे!

परवा भरदुपारी वीज गेली, पेठेतले माग थांबले. त्या शांततेत आपल्या मधल्या भिंतीपलीकडून किरकिर आली. एकाची नव्हे, बऱ्याच जणांची. मोटारीचं बेअरिंग कुरकुरलेलं मी रस्त्यावरून ओळखतो. हा आवाज मला बरा वाटला नाही. भुरी जेवत असती तर एवढे गाणारे उरले असते का?

जाऊन बघतो तर भुरी पाठीवर, पाय वर. वहिनी दारात रडत होत्या. "भावजी, मेली वो ती! शब्द दिला आन् मीच मारली." नाना केरसुणी आणि सुपली घेऊन तयार!

"हात लावू नका. मेलेली कोळीण पाय पोटाशी आवळते. ही कात टाकतीय."

हे तूच सांगितलेलं. कात टाकताना पेटीत एकही किडा नको, मऊ अंग कुरतडतात, हेही. अरे, मला सांगितलंस, मग घरात का नाही? पाठ फिरवलेल्या माणसाला एकदा हाक मारून बघायचं होतंस!

वर्कशॉपमधून मोटारीच्या वाइंडिंगचा बारीक चिमटा आणला, नानांनी बॅटरी धरली. एकेक रातकिडा उचलून डब्यात टाकला. शेवटचा सापडेना. सगळ्यांना गप्प बसवलं, कान लावला. पाण्याच्या वाटीमागे किरकिरला आणि गावला!

दिवे लागायच्या सुमारास भुरी जुन्या कातीतून बाहेर आली. फिकी, ओलसर, एका पायाचं टोक कुरतडलेलं. पण जिवंत.

वहिनी लगेच उठल्या. "दमली असंल. एक तरी टाकू का?"

नको म्हटलं. दात अजून पांढरे आहेत, मऊ. काळे होईस्तोवर ती खाणार नाही. आत्ता किडाच तिला खाईल.

वहिनी डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "मग मी वाढू कुणाला, भावजी?"

किड्यांबद्दलच बोलल्या असतील.

तर दिगू, ऐक. भुरीचे दात काळे होईपर्यंत त्या पेटीत एकही किडा जाणार नाही, हे माझ्याकडे लागलं. आणि तोवर रोज संध्याकाळी तुझ्या घरी ताटावर मी बसेन. आमच्या घरी तसं सांगून ठेवलंय. काळे झाले तरी मी काही लगेच उठत नाही.

भिंतीपलीकडचा,
वसंता